दोन फणस आलेत. एक घमघमतोय, एक दगड. काय काय करता येईल?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. आमचा फणसाशी संबंध म्हणजे उन्हाळ्यात गाडीवर मिळणारे पाव किलो गरे, नाहीतर गणपतीपुळ्याहून येताना आणलेलं तळलेल्या गऱ्यांचं पाकीट. मेव्हण्याची बदली रत्नागिरीला झाली आणि काल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने त्याने दोन आख्खे फणस धाडले. क्लीनरने डिकीतून काढून देताना "लवकर न्या ओ, गाडीभर वास मारतोय" म्हणून वर सुनावलंही.

एक लहान आहे, पिवळट तपकिरी, दाबलं तर अंगठा आत जातोय. वासाने घर भरलंय. दुसरा मोठा, हिरवागार आणि दगडासारखा. घरात आजवर कोणी फणस फोडलेला नाही. बायको म्हणते मऊ झालाय तो सडलाय, देऊन टाका कुणाला तरी. व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

तर मऊ झालेला खराब समजायचा का? फोडायचा कसा? हिरव्याचं काय करायचं, पिकू द्यायचा की भाजी? आणि नुसते गरे खाण्यापलीकडे घरात जमण्यासारखं काय आहे? घरी चौघं आहोत, आईचे दात फारसे उरलेले नाहीत, हे लक्षात घेऊन सांगा.

चहाटळ

पत्ता पाठवा, प्रश्न मिटला.

बाकी फणस खाऊन वर विड्याचं पान खाऊ नका, पोट फुगून माणूस जातो असं आमची आजी सांगायची. आजोबा रोज दोन्ही खायचे आणि नव्वदीपर्यंत जगले, पण आजीने सांगणं काही सोडलं नाही.

माजघर

भीमाकाठ, आधी तो मऊ फणस कुणाला देऊ नका. वहिनींना सांगा, सडलेला नाही, तो बरका आहे. फणसाच्या दोन जाती असतात. काप्याचे गरे कोरडे, कुरकुरीत, सुरीने कापावे लागतात. बरक्याचे गरे लिबलिबीत, रसाळ, तोंडात घातले की घशातून सटकन खाली. बाजारात सगळे कापाच मागतात आणि बरक्याला नाकं मुरडतात. मी राजापूरकडची, आमच्या घरी उलटं होतं. कापा पाहुण्यांना, बरका घरच्यांना, कारण खरं जिन्नस बरक्याचंच होतं. तुमच्या आईंना तर बरकाच सोयीचा, चावायचा प्रश्नच नाही.

सडलाय की नाही हे वासावरून कळतं. पिकल्याचा वास गोड, दाट असतो. आंबूस, दारूसारखी झाक आली आणि सालीतून पाणी गळायला लागलं तर मात्र उशीर झाला. अंगठा आत जातोय म्हणता म्हणजे आजच फोडा, उद्यावर टाकू नका. हा धागा पूर्ण वाचायच्या आधी फोडलात तरी चालेल.

फोडण्याबद्दल. सगळी भीती चिकाची असते आणि चिकावर उपाय एकच, तेल. चीक पाण्याने जात नाही, उलट पाणी लागलं की हाताला चिवट बसतो. वर्तमानपत्र पसरा, हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोळा, सुरीलाही लावा. बरक्याला सुरी जेमतेम लागते. देठाकडे एक चीर दिली की दोन्ही हातांनी तो उकलतो. आत मधोमध पांढरा दांडा असतो, आम्ही त्याला पाव म्हणतो, चीक मुख्यतः तिथून येतो. तो कागदाने टिपत राहा. लहानपणी आम्ही तो काडीवर गुंडाळत जायचो, मोठ्यांचे गरे काढून होईपर्यंत लिंबाएवढा गोळा व्हायचा. हात धुताना पुन्हा आधी तेल, मग साबण. सुरी आणि विळीलाही तेच. अंगावर जुना शर्ट घाला. कपड्यावरचा डाग जात नाही.

आता सांदणं. आंबोळी, घावन, मोदक एकीकडे आणि बरक्याची सांदणं एकीकडे, असं माझं मत आहे. मेमधली न्याहारी म्हणजे तीच.

गऱ्यातली आठळी काढायची, आठळीवरचं पातळ पापुद्र्यासारखं आवरणही काढायचं. गरे गव्हाच्या चाळणीवर घेऊन तळव्याने घासायचे. खाली दाट, केशरी-पिवळा रस पडतो, वर दोरे राहतात. मिक्सर चालतो, पण नंतर गाळून घ्याच, नाहीतर प्रत्येक घासाला दोरा दातात. (तुमच्या आईंना दात नाहीत, पण तुम्हाला आहेत.) दोन वाट्या रस असेल तर दोन वाट्या तांदळाचा रवा. विकतचा इडली रवा चालेल. घरी करायचा तर तांदूळ धुवून, सावलीत वाळवून, जाडसर दळायचा. रवा चमचाभर तुपावर नुसता गरम करायचा, रंग बदलू द्यायचा नाही. रस, रवा, पाऊण वाटी किसलेला गूळ, चिमूट मीठ, आणि सैलसर होईल इतकं नारळाचं दूध. फणस किती गोड आहे ते चाखून गुळाचं ठरवा. हे मिश्रण दोन तास तरी झाकून ठेवायचं. इथेच लोक घाई करतात. रवा फुगला नाही तर सांदण वरून मऊ आणि आत कचकचीत लागतं. दोन तासांनी बघाल तर पीठ घट्ट झालेलं असेल, पुन्हा थोडं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठाइतकं करा. वाट्यांना तूप लावून अर्ध्याच भरायच्या आणि मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवायचं. सुरी घालून कोरडी निघाली की झालं. गार झाल्याशिवाय वाटीतून काढू नका, तुटतात.

सोडा, इनो काहीही घालायचं नाही. सांदण इडलीसारखं हलकं नसतंच, ते थोडं दडदडीत असतं आणि तसंच असायला हवं. वेलचीही नको. फणसाला स्वतःचा वास इतका आहे की वर वेलची म्हणजे लाउडस्पीकरपुढे पिपाणी. नारळाच्या घट्ट दुधात गूळ विरघळवून त्यात बुडवून खायची. नुसतं साजूक तूपही चालतं.

रस उरला तर फणसपोळी. आणि इथे तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात. कोकणातलं ऊन दमट, पोळी वाळायला दिवसांमागून दिवस जातात आणि तेवढ्यात वळवाचा पाऊस येतो. सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हात ताट गच्चीवर ठेवलंत तर बघायलाच नको. ताटाला तुपाचा हात फिरवा, रस दोन रुपयांच्या नाण्याच्या दुप्पट जाडीचा ओता, त्याहून जाड नको. हवी तर थोडी साखर घाला. वर मलमलचं फडकं बांधा, माश्या आणि मुंग्या टपलेल्याच असतात. वरची बाजू हाताला चिकटेनाशी झाली की कडा सोडवून उलटा. वाळून चामड्यासारखी लवचिक झाली की पट्ट्या कापून डब्यात. कडक कुडकुडीत होऊ देऊ नका.

हिरव्याबद्दल आधी एक सांगा. त्यावरचे काटे कसे आहेत? टोकदार, एकमेकांना चिकटून आहेत की बोथट होऊन एकमेकांपासून लांब गेलेत? आणि थापटी मारली की आवाज कसा येतो?

तिरफळ

गाववाल्यानू, घोटयो (म्हणजे आठळ्या) टाकू नकात हां!

माजघर यांनी सांदणाचं सांगितलं ते बरोबर, पण आठळ्यांना चार ओळी तरी द्यायच्या होत्या. आमच्या मालवणात गरे खाऊन संपतात आणि घोटयो पावसाळाभर पुरतात. धुवून, सावलीत सुकवून, लाल मातीत घोळवून ठेवायच्या म्हणजे किडत नाहीत आणि सुकून खडखडीतही होत नाहीत. सोलापुरात लाल माती नसेल तर कोरड्या वाळूत ठेवा, नाहीतर फ्रीज आहेच.

साधं म्हणजे मीठ घालून कुकरला उकडा, सोला आणि खा. बटाटा आणि शेंगदाणा यांच्या मधली चव. वरचं पांढरं टरफल काढायचं, आतली तपकिरी साल राहिली तरी बिघडत नाही. चूल असेल तर निखाऱ्यात भाजा, पण आधी प्रत्येकीला सुरीने एक खाच द्या, नाहीतर फुटून उडतात.

पण माझ्या मते घोटयांचा खरा उपयोग सुकटाबरोबर. सुकट तव्यावर कोरडी भाजून, डोकी चोळून काढून, पाण्यातून काढायची. तेलात ठेचलेली लसूण आणि भरपूर कांदा, त्यात उकडून ठेचलेल्या घोटयो, मालवणी मसाला, दोन आमसुलं. शेवटी सुकट आणि ओलं खोबरं. रस नको, अंगाबरोबरच ठेवायचं. बाहेर धो धो पाऊस, मासेमारी बंद, तेव्हा हेच आमचे मासे. शाकाहारी असाल तर टाकळ्याच्या नाहीतर शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत घाला. अळूच्या फदफद्यात तर हव्यातच.

ह्यूस्टनवासी

वाचून जीव जळला. इथे डब्यातला कोवळा फणस मिळतो, मिठाच्या पाण्यातला. पाकातलाही मिळतो, भाजीसाठी तो चुकूनही घेऊ नका. इथल्या हॉटेलांत तो सॉसमध्ये शिजवून, दोरे सुटे करून पावात घालतात आणि मांसाला पर्याय म्हणून विकतात. मी तोच डबा आणते, तीनदा पाणी बदलून खारटपणा काढते आणि आईच्या पद्धतीने कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करते. सत्तर टक्के जमते. उरलेले तीस टक्के चिकात असावेत!

माजघर, कुयरीची भाजी तुम्ही कशी करता तेही लिहा ना.

काळीकाठ

मी कारवारची, त्यामुळे थोडी पलीकडची भर.

आमच्याकडे, आणि पुढे उडुपी-मंगळूरपर्यंत, फणसाची पानंसुद्धा स्वयंपाकात येतात. चार पानं एकमेकांवर चौकटीत ठेवून नारळाच्या हिराच्या काड्यांनी टोचून उभट द्रोण करतात, त्याला खोट्टो म्हणतात. त्यात उडीद आणि तांदळाच्या रव्याचं पीठ ओतून वाफवायचं. इडलीच, पण पानाचा एक मंद हिरवट वास लागतो तो साच्यातल्या इडलीला कुठून येणार. गणपतीत तर होतातच.

दुसरं म्हणजे मुळक. भिजवलेले तांदूळ, पिकलेले गरे, गूळ आणि ओलं खोबरं एकत्र घट्टसर वाटायचं, वाटताना पाणी जवळजवळ नाहीच. बोटांनी लहान लहान भजी खोबरेल तेलात सोडायची. मंद आचेवर, कारण गुळामुळे बाहेरून पटकन काळी पडतात आणि आत कच्ची राहतात. काप्याचे गरे असले तर पीठ नीट घट्ट राहतं. बरक्याचं केलंत तर तांदूळ वाढवावे लागतील.

आणि जून पण न पिकलेले गरे मिठात मुरवून बरणीत भरून ठेवतात, पावसाळ्यासाठी. वापरायच्या आधी भिजवून मीठ काढायचं आणि मिरची-हिंगाची फोडणी द्यायची. सोलापूरकरांना हे आवडेल की नाही शंका आहे, खारट उग्र वास असतो. मला भाताच्या पेजेबरोबर दुसरं काही चालत नाही.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्रीच बरका फोडला. तेलाच्या सूचनेमुळे वाचलो. आईने एकटीने पंधरावीस गरे संपवले आणि "इतकी वर्षं कापाच का आणत होतास" म्हणून मलाच झापलं. आज सकाळी सांदणं झाली. दोन तास ठेवलं होतं. बायकोने आधी नाक मुरडलं, मग तीन खाल्ली. गच्चीवर पोळीची दोन ताटं आहेत, एका दुपारीत वरची बाजू सुकलीसुद्धा. आठळ्या वाळत घातल्यात. सुकट आमच्याकडे चालत नाही, फदफदं करू.

हिरव्याचे काटे अजून टोकदारच आहेत, जवळजवळ. थापटी मारली की लाकडावर मारल्यासारखा टणटण आवाज. वास अजिबात नाही. देठ तोडलाय तिथे चीक सुकून काळा पडलाय. तळलेले गरे घरी करून बघावेत असं डोक्यात आहे.

माजघर

आईंचं ऐकून बरं वाटलं.

तुमच्या वर्णनावरून हिरवा पुरता जून झालेला दिसत नाही. जून फणस उतरवला की घरात आठवड्याभरात पिकतो. काटे बोथट होऊन पसरतात, आवाज टणटणचा बदबद होतो, वास सुटतो. काटे अजून टोकदार आणि चिकटून आहेत म्हणजे घाईत उतरवलाय. असा फणस ठेवून ठेवला तर मऊ पडेल पण गोडी येईलच असं नाही, फिका राहतो. म्हणून माझा सल्ला, पिकायची वाट बघू नका. कच्चाच फोडा, भाजी करा.

ह्यूस्टनवासी, तुमची कुयरी म्हणजे अगदी कोवळा, आठळी न धरलेला, जानेवारी-फेब्रुवारीपासून मिळणारा. त्याचे मोठे तुकडे सालीसकट तेलाच्या हाताने करून, हळद घालून कुकरला दोन शिट्ट्या. गार झाले की साल आणि पाव काढून वरवंट्याने ठेचायचे, म्हणजे दोरे सुटे होतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर सुक्या मिरच्या. रात्रभर भिजवून उकडलेले शेंगदाणे किंवा काळे वाटाणे. वर फणस, मीठ, गुळाचा खडा, एक वाफ. उतरवल्यावर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. आमच्याकडे वरून लसणीची चरचरीत फोडणी ओततात, काही घरांत ते पाप समजतात. गरम मसाला मात्र कुठल्याच घरात नाही. डबा घेताय तर फोडणीत मिरच्या वाढवा आणि फणस आधी हाताने दाबून पाणी काढा, फरक पडेल.

भीमाकाठ, तुमचा फणस कुयरीच्या पुढचा आणि पिकण्याच्या अलीकडचा. त्याला ठेचायचं नाही. पांढरट पिवळे गरे सुटे काढा, लांब चिरा, आठळ्या सोलून चार चकत्या करा. आठळ्या आधी शिजवून घ्या, त्यांना वेळ लागतो, गरे लवकर होतात. फोडणी तीच, शेंगदाण्यांची गरज नाही. भाकरीबरोबर छान लागते, आणि सोलापूरची कडक भाकरी असली तर मला बोलवा.

तळलेल्या गऱ्यांचं म्हणाल तर माझा अनुभव असा की एवढा खटाटोप घरी करू नये, विकत आणावेत. पण करायचेच असतील तर थोडे गरे बाजूला ठेवा. एकसारखे पातळ उभे काप, पाणी अजिबात लागू द्यायचं नाही. खोबरेल तेलात, कढई अर्ध्याच्या वर भरायची नाही. खाताना मीठ भुरभुरलं तर खाली पडतं, म्हणून काप होत आले की वाटीभर पाण्यात मीठ आणि हळद विरघळवून त्यातलं चमचाभर थेट कढईत टाकतात. तेल जोरात तडतडतं, हात लांब ठेवा, मुलं ओट्याजवळ नकोत. तडतड थांबली, गरे एकमेकांवर आपटून वाजायला लागले की काढा. तुमच्या कच्च्या फणसाला गोडी फार नसेल, तळायला ते बरंच आहे. गोड गरे तळताना काळे पडतात.

एका फणसाचं हे सगळं एका दिवसात उरकणार नाही. भाजीचे गरे चिरून, हळदीच्या पाण्यात एक उकळी देऊन, निथळून फ्रीजरला टाका, राहतात. उरलेला बरक्याचा रसही तसाच, छोट्या डब्यांत एका वेळचा. एकदा सुटलेला रस पुन्हा गोठवू नका. साली आणि चारखंड, म्हणजे गरे काढून उरलेला भाग, गाईम्हशींना घाला, शेजारी कुणाकडे असतील तर, आवडीने खातात.

चहाटळ

मग पत्ता नाहीच देणार?

भीमाकाठ

भाजी रविवारी आहे, या. भाकरी कडकच असेल.

माजघर, हळदीच्या पाण्यात मीठ घालायचं का?

माजघर

घाला, थोडं. आणि उकळी म्हणजे उकळीच, शिजवू नका, नाहीतर रविवारी लगदा होईल.